सिरॅमिक ब्रेसेस आणि सांगलीची हळद : दीड वर्षाच्या वापरानंतर

लेकीच्या ब्रेसेसच्या, म्हणजे दातांच्या तारांच्या, रविवारी बदललेल्या रबरी रिंगा बुधवारी पिवळ्या. जेवण तर साधंच होतं, आमटी-भात आणि कोबीची भाजी. ज्या न दिसण्यासाठी तेरा हजार रुपये जास्तीचे मोजले ते महिन्यातले दोन-तीन दिवस टिकतं आणि बाकी महिनाभर हळकुंडं. दीड वर्ष हेच चाललंय, म्हणून लिहायला बसले.

लेक आठवीत होती तेव्हा तारा लागल्या. दातावर दात, वरचे दोन्ही सुळे हिरडीत उंच अडकलेले आणि समोरचे थोडे पुढे. ओपीजी आणि लॅटरल सेफ हे एक्स-रे, दातांचे प्लॅस्टरचे साचे, सुळ्यांमागचे चार दात काढणं, दाढांमध्ये त्या निळ्या रबरी रिंगा घालून फट करणं, हे सगळ्यांचं होतं तसंच झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. दात काढण्याची भीती आम्हालाच जास्त होती. ती दुसऱ्या दिवशी दहीभात खाऊन क्लासला गेली. पहिली तार घातल्यावर तीन-चार दिवस दुखलं. ती पहिली तार निकेल-टायटॅनियमची, तोंडाच्या उबेवर काम करणारी होती. गार पाणी लागलं की तेवढ्यापुरती नरम पडते आणि बरं वाटतं, असं डॉक्टर म्हणाले. लेकीने त्याचा अर्थ आइस्क्रीम असा लावला आणि तो महिना आमच्या फ्रिजरला भारी गेला.

आता पैशांचं. मी पतसंस्थेत कॅशियर आहे, त्यामुळे आकडे डोक्यातून जात नाहीत. मेटल ३५,०००, दाताच्या रंगाचं सिरॅमिक ४८,०००. क्लिनिकमधल्या मॅडमनी टेबलावर दोन्हीचे नमुने मांडले आणि लेकीकडे बघून म्हणाल्या, "मुलींना हेच शोभतं, दिसतच नाही." तेरा वर्षांच्या मुलीसमोर असं म्हटल्यावर आईबापाला बोलायला जागा राहत नाही. बसवायच्या दिवशी कळलं की सिरॅमिक फक्त वर, खाली मेटलच. कारण विचारलं. सिरॅमिक इनॅमलपेक्षा, म्हणजे दाताच्या वरच्या कवचापेक्षा, कठीण. खाली लावलं आणि वरचे दात त्यावर टेकले तर दातच झिजतात. कारण पटलं. पण वर तरी किती? दाढांना मेटलच्याच ट्यूब, वरचे दोन दात काढलेले, राहिले आठ. म्हणजे जास्तीच्या रकमेला भागलं तर एका दातामागे १,६२५ रुपये. हा भागाकार मी तिथेच खुर्चीत बसून केला, आणि मग दर महिन्याला करत आले.

सिरॅमिक पिवळं पडत नाही, हे मला मान्य आहे. दीड वर्षात त्या आठ ब्रॅकेटना, म्हणजे दाताला चिकटवलेल्या ठोकळ्यांना, डाग नाही. पिवळ्या पडतात त्या ब्रॅकेटभोवतीच्या बारीक पारदर्शक रबरी रिंगा, ज्यांनी तार धरून ठेवलेली असते. त्या पॉलियुरेथेनच्या असतात आणि हळदीतला करक्युमिन त्यांत असा मुरतो की ब्रश, बेकिंग सोडा, माउथवॉश, कशालाच दाद देत नाही. त्या बदलणार फक्त अपॉइंटमेंटला, म्हणजे चार ते सहा आठवड्यांनी. खाली मेटलवर तिने जांभळ्या रिंगा घेतल्या होत्या, त्यांना काही झालं नाही. म्हणजे स्वस्तातलं दिसायला चांगलं, आणि महागातलं लांबून बघितलं तर दात घासले नाहीत असं वाटावं असं.

आणि आम्ही राहतो कुठे? सांगलीत. इथल्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. ह्यांचं काम मार्केट यार्डात, हळदीच्याच अडत दुकानात. माणूस घरी येतो तोच पिवळी बोटं घेऊन. आमच्याकडे आमटीत हळद, भाजीत हळद, पोह्यात, पिठल्यात, थालीपिठात, कढीत, फोडणीच्या भातात. भडंग म्हणजे तर हळद, तिखट आणि शेंगदाणे, त्यातले शेंगदाणे ब्रॅकेटचे वैरी. हळद नसलेलं काय उरतं याची मी एकदा यादी केली, तर ती उपासाची यादी निघाली. साबुदाणा, वरई, दाण्याची आमटी, बटाटा, दही. पुतणीच्या लग्नाआधी फोटोंसाठी आम्ही रिंगा मुद्दाम रविवारी बदलून घेतल्या आणि लेकीला मंगळवारपर्यंत उपासाचं जेवू घातलं. त्या दोन दिवसांत सिरॅमिक खरंच दिसत नव्हतं. मग हळदी समारंभात कुणीतरी तिच्या तोंडात पुलाव कोंबला.

यात सासूबाईंची भर वेगळीच. तार गालाला घासून तोंड आलं की त्यांचा इलाज एकच, हळद आणि तूप. मी रुतणाऱ्या तारेवर क्लिनिकचं मेण लावायला सांगायची, त्या मागून बोट फिरवायच्या. "तुमच्या त्या मेणानं काय होतंय, हळदीनं जखम भरती." जखम भरायची, नाही असं नाही. रिंगांचं व्हायचं ते व्हायचं.

कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो. लेकीला म्हटलं, गच्चीत तोंड उघडून बस. ती हसली, पण बसली नाही. तिचं म्हणणं, "आई, वर्गात अजून चौघांना तारा आहेत, कुणी बघत पण नाही. तुलाच दिसतंय ते." हे मी ऐकून घेतलं. पण १,६२५ गुणिले आठ तिने भरलेले नाहीत.

उपाय आहेत, आणि ते सुरुवातीला कुणी सांगत नाही म्हणून सांगते. एक, पारदर्शक रिंगा घ्यायच्याच नाहीत. राखाडी घ्या, त्यात पिवळं कमी कळतं. आम्ही घेतल्या, जरा शेवाळी झाक येते. दोन, रबराऐवजी बारीक स्टीलच्या तारेने बांधून घ्या. डाग नाही, जास्तीचे पैसे नाहीत, फक्त डॉक्टरांना बांधायला वेळ लागतो म्हणून ते आपणहून काढत नाहीत विषय. पण मग समोर स्टीलच चमकणार, तर सिरॅमिक कशासाठी घेतलं? हा प्रश्न मी विचारला. उत्तरादाखल मॅडमनी सेल्फ-लायगेटिंगचं पत्रक दिलं, ज्यात रिंगाच नसतात, झाकणाची क्लिप असते. किंमत आणखी वर.

आता क्लिनिकबद्दल, कारण रिंगांपेक्षा हे महत्त्वाचं आहे, माझा राग कुठेही असला तरी. क्लिनिक रोज उघडं असतं. पण तारांचे डॉक्टर, म्हणजे एमडीएस ऑर्थो, व्हिजिटिंग आहेत. बाहेरगावहून ठरलेल्या रविवारी येतात. लहान शहरांत हे बऱ्याच ठिकाणी असंच चालतं आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न येतो मधल्या वारी. काढलेल्या दातांच्या जागा भरत आल्या तशी जाड स्टीलची तार मागून सरकून बाहेर आली आणि गालात रुतायला लागली. तार बाहेर येते म्हणजे जागा मिटतेय, काम नीट चाललंय, हे नंतर समजलं. त्या रात्री फक्त रडणं समजत होतं. दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये गेलो, तर रोजचे डॉक्टर म्हणाले, ऑर्थोच्या केसला मी हात लावत नाही आणि कटर सर सोबत नेतात. रविवारी या. दोन मिलिमीटर तार कापायला पाच दिवस! ही तार नेलकटरने कापण्यातली नाही, तुकडा धरून ठेवणारं वेगळं कटर लागतं, नाहीतर तो घशात जायचा. शेवटी विश्रामबागेतल्या एका डेंटिस्टने कापून दिली. दोनशे रुपये, पावतीसकट.

तेव्हाच ठरवलं होतं की यांना वाईट शेरा द्यायचा, आणि पुढच्या प्रकाराने त्यावर कळस चढला. खालच्या पुढच्या दातांवरची मेटलची ब्रॅकेट पुन्हा पुन्हा सुटायला लागली. सुरुवातीला सही केलेल्या कागदावर एक ओळ होती, ब्रॅकेट तुटल्यास प्रत्येकी ५०० रुपये. काउंटरवर दर वेळी तेच, "चिक्की खाल्ली असेल." चिक्की, भडंग, ऊस, पेरू, सगळं बंद होतं, सफरचंदसुद्धा फोडी करून. मी पावत्या जमा करत गेले. एका रविवारी त्या सरांपुढे मांडल्या आणि म्हटलं, दर वेळी खालचीच का सुटतात, वरचं एकही नाही?

सरांनी लेकीला हळूच दात मिटायला सांगितले, दात कुठे टेकतात ते दाखवणारा लाल-निळा कागद मध्ये धरला. वरचे दात थेट खालच्या ब्रॅकेटवर आदळत होते. चावा खोल आहे, चिक्कीचा संबंध नाही, असं ते काउंटरवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. मागच्या दाढांवर निळ्या सिमेंटचे दोन छोटे उंचवटे लावले, म्हणजे तोंड पूर्ण मिटतच नाही. लेक दोन आठवडे चपाती मिक्सरमधून काढून खात होती. त्यानंतर एकही ब्रॅकेट सुटलेलं नाही. घेतलेले पैसे पुढच्या हप्त्यातून वळते केले, तेही मी न मागता. म्हणून शेरा मागे घेतला. डॉक्टरांना पैकीच्या पैकी, काउंटरला शून्य.

याच सरांनी मला रिंगांवरून झापलं. मी तक्रार करत होते, तर म्हणाले, "ताई, पिवळं सोडा, पांढरं बघा." आरसा हातात देऊन वरच्या सुळ्याच्या ब्रॅकेटच्या कडेला खडूसारखा एक पुसट ठिपका दाखवला. ब्रॅकेटभोवती अन्न साचून राहिलं की इनॅमलमधला कॅल्शियम निघून जायला लागतो, महिन्याभरातसुद्धा असा ठिपका उमटू शकतो, आणि तारा काढल्यावर तो तिथेच राहतो. रिंगा काय, बदलता येतात. घरी आल्यावर इंटरडेंटल, म्हणजे फटींतून फिरवायच्या बारीक ब्रशचं पाकीट आणि फ्लोराइडचं माउथवॉश आणलं. तिचं शाळेतून आल्यावरचं घासणं गायब होतं हे तेव्हा उघडकीला आलं. हा भाग कोटेशनमध्ये नसतो आणि पॅकेजमध्येही नसतो. महिन्याला तीन-चारशे धरून चाला.

ठिपका वाढलेला नाही. पण पिवळं दिसतंच, त्याला मी काय करू.

सध्या वरच्या आणि खालच्या ब्रॅकेटमध्ये अडकवायचे इलास्टिक, म्हणजे बारीक रबर, चालू आहेत. इवलंसं पाकीट, फुकट मिळतं, रोज नवीन जोडी, जेवण आणि ब्रश सोडून दिवसभर. यावर पैसे जात नाहीत म्हणून मला फार बोलायचं नाही. मात्र इलास्टिक लावले नाहीत तर महिना वाया, आणि डॉक्टरांना तोंड उघडताक्षणी कळतं, हे मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकवा. आईने सांगून काही होत नाही. रबर पलंगाखाली, गाडीत, कणकेत, कुठेही सापडतात.

निकालाबद्दल मात्र तक्रार नाही. वरचे सुळे ओळीत आले आहेत. दात महिन्याला साधारण मिलिमीटरभर सरकतो म्हणतात, त्यामुळे रोज बघणाऱ्याला काही कळत नाही. जुना प्लॅस्टरचा साचा शेजारी ठेवला तेव्हा ह्यांचा विश्वास बसेना. सासूबाई म्हणाल्या, "गुणाची दिसती आता." आधी काय दिसत होती, असं लेकीने विचारलं.

अजून सहाएक महिने आहेत. त्यानंतर सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर, तो सुरुवातीला दिवसरात्र आणि मग रात्री, वर्षानुवर्षं. एक जोडी पॅकेजमध्ये, हरवली तर तीन हजार. डब्याबरोबर रुमालात गुंडाळलेला रिटेनर कचऱ्यात गेल्याच्या कथा वेटिंगमध्ये बसून पुष्कळ ऐकल्या आहेत, त्यामुळे आतल्या बाजूने चिकटवायच्या तारेचं विचारून ठेवलंय. सिरॅमिक काढताना तुकडे होऊ शकतात, जरा जास्त वेळ लागतो, हेही आत्ताच समजलं. तेही १,६२५ मध्ये धरलं असावं.

कुणाला विचारायचं असेल तर माझं मत असं. इथल्या घरात, इथलं जेवण जेवणाऱ्या मुलांसाठी मेटल आणि गडद रंगाच्या रिंगा. सुट्ट्या जुळत असतील तर सांगलीत डेंटल कॉलेजंही आहेत. खर्च कमी, पण वेळ शाळेच्या वारी द्यावा लागतो आणि हात शिकणाऱ्यांचा असतो, वर मोठे डॉक्टर बघतात. अलायनर, म्हणजे तारांऐवजी घालायचे पारदर्शक साचे, विचारले होते, आकडा लाखाच्या वर गेल्यावर पुढचं ऐकलं नाही. खाजगीत जाणार असाल तर नमुने बघण्याआधी एवढं विचारा की मंगळवारी तार रुतली तर कापणार कोण.

धाकटा नऊ वर्षांचा आहे, त्याचा खालचा जबडा मागे आहे. सरांनी सांगितलंय की दोन-एक वर्षांनी, उंची वाढायला लागली की ट्विन ब्लॉक, म्हणजे खालचा जबडा पुढे आणायचं काढता-घालता येणारं उपकरण, आणि नंतर गरज पडली तर तारा. मी आत्ताच लेखी कोटेशन मागितलंय, मेटलचं, आणि त्यातली ५०० रुपयांची ब्रॅकेटची ओळ काढून द्या म्हटलंय. काउंटरवरून अजून उत्तर आलेलं नाही.