मटन स्ट्रीटवर चिनी डिंग घ्यायला जाताय? आधी बूड बघा

चोरबाजारातल्या या छोट्या दुकानात चिनी पूजापात्रांच्या प्रतिकृती ठेवलेल्या आहेत. माझं आयुष्य ओतकामात गेलं, त्यामुळे पहिल्यांदा नजर गेली ती भांड्याच्या बुडाकडेच. मी उलटंपालटं करून बघतोय हे पाहून दुकानदार चाचांनी स्वतःच सांगितलं, "नया माल है साहब, पुराना बोलके नहीं बेचूँगा." या गल्लीत एवढं सरळ बोलणं मला फार मोलाचं वाटतं. दुकानाला मी पाच तारे देतो ते त्याच्यासाठीच.

मालाबद्दल मात्र थोडं खोलात लिहितो. तीन पायांचं डिंग म्हणजे पितरांना मांसाचा नैवेद्य शिजवायचं आणि वाढायचं भांडं. शांग काळातले, म्हणजे इ.स.पू. १६०० ते १०४६ च्या सुमाराचे ओतारी ते मेणावर ओतत नसत, म्हणजे मेणाचा नमुना मातीत मढवून, मेण वितळवून काढून त्या पोकळीत रस ओतायची रीत त्यांची नव्हती. आधी मातीचा पूर्ण नमुना घडवायचा, त्यावर ओली माती दाबून साचा घ्यायचा आणि तो तुकड्यातुकड्यांनी सोडवायचा. आत मातीचा गाभा बसवायचा, मधलं अंतर राखायला कांस्याचेच बारीक तुकडे ठेवायचे आणि त्या पोकळीत तांबं, कथील, शिशाचा रस ओतायचा. साच्याचे तुकडे जिथे जुळत तिथे बारीक रेघ उठे. तीन पायांच्या मध्ये, बुडाला, ती बरेचदा त्रिकोणी दिसते. चीनमधल्या आन्यांगला १९३९ मध्ये सापडलेलं हौमूवू डिंग ८३२ किलोंच्या वर भरतं. ते आज बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. एवढा रस मातीच्या साच्यात उतरवणाऱ्या त्या कारागिरांपुढे मी हात जोडतो.

दुकानातल्या डिंगचं बूड गुळगुळीत आहे, रेघ कुठेच नाही. म्हणजे मेणाचं ओतकाम. त्यात वाईट काही नाही, आपल्या चोळ मूर्तीही मेणावरच ओतल्या आहेत. पण पोटावरचा ताओतिए, तो मोठ्या डोळ्यांचा मुखवटा, अगदीच बोथट आलाय. मेणावर कोरणी नीट चालवलेली नाही आणि ओतल्यावर कानशीने घासून उरलंसुरलंही घालवलंय. हिरवा थर तर सरळ रंग आहे. चाचांच्या परवानगीने अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तर कापूस हिरवा झाला. शतकानुशतकं जमिनीत राहून आलेली हिरवाई धातूतूनच उगवलेली असते, ती अशी पुसून निघत नाही. आणि ही भांडी पुरताना हिरवी नव्हतीच. शांग काळातल्या राणी फू हाओच्या १९७६ मध्ये उघडलेल्या थडग्यात दोनशेहून अधिक कांस्य पूजापात्रं निघाली. ती ओतली तेव्हा सोनेरी झळाळत असणार. प्रतिकृती करणाऱ्यांनी एखादं तरी तसं झळझळीत ठेवावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

मी डिंग सोडलं आणि गू घेतला, मद्याचा उंच, कर्ण्यासारखा पेला. त्याची कड एकसारखी पातळ आहे, आत खड्डे नाहीत, आणि उभ्या पट्ट्यांच्या धारा बोटाला लागतात. भाव घासाघीस करून बऱ्यापैकी उतरला. बिलावर 'नवीन प्रतिकृती' असं लिहून मागितलं, चाचांनी लगेच लिहून दिलं. तुम्हीही मागा.

दुकानात उजेड कमी आहे, तेव्हा मोबाइलचा टॉर्च भांड्याच्या आत धरून बघा. शुक्रवारी इथली पक्की दुकानं बहुतेक बंद असतात.