भुयारी खाणीची केबल चिरेखाणीवर: एका हंगामाच्या वापरानंतर

चिरे कापायच्या मशीनला वीज पुरवणाऱ्या केबलचा क्लेम नामंजूर झाला. "मेकॅनिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही," एवढी एक ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर आली, पुढे फोनही उचलेनात. मे महिन्यात प्रत्येक घर बांधणाऱ्याला पावसाआधी चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा, हवा असतो. नेमकं तेव्हाच मशीन बंद पडलं आणि कंपनीचा एकही माणूस अणुस्कुरा घाट उतरून बघायला आला नाही. मला त्याचा राग आहे आणि तो इथे दिसेल. पण केबलबद्दलचं माझं मत मे महिन्यात होतं ते आज राहिलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

चिरेखाण चालवणाऱ्याला चार कोरची (आत चार वेगळे वाहक असलेली) रबरी केबल म्हणजे काय हे सांगायला नको. ही तिच्या पुढची. भुयारी खाणीतल्या यंत्रांसाठी बनवतात ती, आयएस १४४९४ या भारतीय मानकाची, ११०० व्होल्टची. तीन पॉवरचे कोर, एक अर्थ, एक पायलट (त्याचं काम पुढे सांगतो). तांब्याची जाडी १६ स्क्वेअर एमएम, वरून निओप्रीनचं (कृत्रिम रबराचं) जाड आवरण. विदर्भातल्या कोळसा खाणींत भुयारात ५५० व्होल्टवर चालणारे लोडर अशाच केबली मागे ओढत फिरतात. आपल्याकडे रेडीचं लोखंड घ्या, कासार्ड्याची सिलिका वाळू घ्या नाहीतर जांभा, सगळं उघड्यावरचं काम. पण कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याकडे मोठ्या ऑर्डरमधला उरलेला तुकडा ड्रमवर पडून होता. अख्खा उचलाल तर भाव पाडून देतो म्हणाला. पाडून दिलेल्या भावातही साध्या पीव्हीसी फ्लेक्सिबलच्या जवळपास दुप्पट पैसे गेले. दिवाळीनंतर खाण उघडली तेव्हा जोडली.

माझी खाण राजापूर तालुक्यात, खाडीच्या वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर. तिथे केबलचे काय हाल होतात ते आधी सांगतो. जांभा ताजा कापलेला असताना मऊ असतो, वारा-ऊन लागलं की टणक होतो. म्हणजे ज्या तळावरून केबल ओढायची तो तळ महिन्याभरात कानशीसारखा होतो. त्यात ब्लेडचे काप. मशीन रुळांवरून पुढे सरकतं तशी केबल मागच्या कापात घसरते, दोन्ही बाजूंच्या धारेत अडकते आणि गडी तिला हिसडा मारून बाहेर काढतो. एप्रिलमध्ये दुपारी कातळावर पाय ठेववत नाही. तेव्हा पीव्हीसी मऊ पडतं आणि धारेवर सोललं जातं. माझ्या जुन्या केबलवर टेपचे इतके जोड झाले होते की मूळ आवरण कुठलं ते शोधावं लागे.

निओप्रीनला उन्हाने काही झालं नाही. रबर एकदा व्हल्कनाइज (उष्णता देऊन पक्कं) झालं की ते वितळत नाही, मऊ पडत नाही. धारेवर घासून ओरखडे भरपूर आले, पण आतल्या कोरपर्यंत एकही गेला नाही. जनरेटरपाशी डिझेल सांडतं, तिथे साधी रबरी केबल फुगून चिकट होते. हिला तोही त्रास नाही. जानेवारीत कोणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून घ्या म्हटलं असतं.

मग मे महिना. मशीन मधेच गुरगुरायला लागलं, मोटर तीनपैकी एक फेज सोडून चालत होती. ओव्हरलोडने ट्रिप केलं म्हणून मोटर वाचली. केबल बाहेरून धडधाकट, एक चीर नाही. इलेक्ट्रिशियनने टोकाकडून हाताने चाचपत आणली आणि मशीनच्या तोंडाशी, ग्लँडपासून (केबल पेटीत शिरते तिथल्या कडीपासून) वीतभर अंतरावर थांबला. तिथे केबल आतून पोकळ लागत होती. आवरण शाबूत आणि आत एका कोरच्या सगळ्या तारा तुटलेल्या.

त्या दिवशी मी कंपनीला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुप्पट पैसे मोजून घेतलेली, वाकायला आणि ओढायलाच बनवलेली केबल एका हंगामात आतून तुटते म्हणजे काय? फोटो मागितले, पाठवले. व्हिडिओ मागितला, पाठवला. मग ती एक ओळ.

पण तो तुकडा कापून काढला तेव्हा जे दिसलं त्याने माझं मत फिरायला सुरुवात झाली. नवीन टोक सोलताना इलेक्ट्रिशियन म्हणाला, "भाऊ, ह्या बघा, तार अजून पांढरी ती पांढरीच!" खरंच पांढरी होती. तांब्याच्या प्रत्येक बारीक तारेवर कल्हई. जुन्या केबलचं टोक त्याने मुद्दाम शेजारी सोलून दाखवलं: काळंकुट्ट, मध्ये मध्ये हिरवं. लगपासून (टोकाला दाबून बसवलेल्या जोडणीच्या तुकड्यापासून) हातभर आत कापलं तरी काळंच. खारी, दमट हवा उघड्या टोकातून तारांच्या फटींनी आत आत शिरते आणि तांबं खात जाते. म्हणून जुन्या केबलला दर वेळी नवा लग दाबला तरी पंधरा दिवसांत तो तापायचा, त्याच्याजवळचं इन्सुलेशन करपायचं, मग पुन्हा कापा, पुन्हा दाबा. केबल तोकडी होत होती ती कातळामुळे कमी आणि या गंजामुळे जास्त.

या कल्हईबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय, कारण किनाऱ्यावर केबल विकणारा एकही दुकानदार तिचं नाव काढत नाही. स्क्वेअर एमएम सांगतील, कोर सांगतील, मीटरचा भाव सांगतील. टिन्ड, म्हणजे कल्हई केलेली, आहे का विचारलं तर "त्याने करंट कमी जातो" असं सांगून गप्प करतील. हे खोटं आहे. लवचीक तांब्याच्या १६ स्क्वेअर एमएम वाहकाला प्रमाणित रोध साध्या तारेत १.२१ ओहम प्रति किलोमीटर आणि कल्हईच्या तारेत १.२४. फरक अडीच टक्के. शंभर मीटर केबलवर ४० अँपिअर घेतले तर दोन्हीकडे वाटेत आठ-नऊ व्होल्टच कमी होतात. तेवढ्या फरकाने मोटरला काही कळत नाही. काळ्या पडलेल्या एका लगवर त्या फरकाहून जास्त व्होल्ट जातात. पूर्वी केबलच्या रबरात गंधक असायचं आणि ते तांब्याला खायचं, म्हणून कल्हई लागायची. आजच्या इन्सुलेशनला तशी गरज उरली नाही म्हणून बऱ्याच कंपन्या ती देत नाहीत. घाटावर ठीक आहे. इथे खाडीवरून दिवसभर खारं वारं येतं आणि पावसाळ्यात पेटीतले स्क्रूसुद्धा गंजतात, तिथे ती हवीच. आणि ती हवी विशेषतः फ्लेक्सिबल केबलमध्ये. फ्लेक्सिबल म्हणजे शेकडो बारीक तारा, १६ स्क्वेअर एमएममध्ये एकही तार ०.४१ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. जितक्या तारा बारीक तितकं तांबं हवेला जास्त उघडं. जाड तारेवर वरवरचा थर काळा पडून भागतं, बारीक तार त्यात संपूनच जाते.

तर तार चांगली, रबर चांगलं, मग तुटली का? त्यासाठी मशीनचं तोंड बघावं लागलं. मशीन बनवणाऱ्याने पितळी ग्लँड दिली आहे, तिची कडा सरळ कापलेली, ना गोलाई ना आधार. मशीन पुढे-मागे होताना केबलचा सगळा ताण आणि सगळं वळण त्या एका जागी. दर फेरीला तिथेच वाकते, तिथेच सरळ होते. कंपनीच्या कागदावर केबलच्या जाडीच्या सहापट त्रिज्येपेक्षा कमी वळण नको असं छापलंय, आणि ग्लँडपाशी ती काटकोनात वळत होती. केबलवरचा अर्धा राग तेव्हा उतरला. कंपनीवरचा नाही. ट्रेलिंग केबल (यंत्रामागे ओढली जाणारी) विकणाऱ्याकडे हे ओळखणारा माणूस असायला हवा. त्याने येऊन दहा मिनिटं बघितलं असतं तर हेच सांगितलं असतं आणि माझा आठवडा वाचला असता. फोटो बघून एका ओळीत हात झटकणं ही सेवा नव्हे.

आता ग्लँडबाहेर पाइपचा कर्ण्यासारखा पसरट तुकडा वेल्ड केलाय, केबलवर जाड होज चढवला आहे, आणि तारेच्या जाळीची ग्रिप लावून ती मशीनच्या चॅसीला हुकने अडकवली. ओढ हुकवर येते, टर्मिनलवर नाही. पेटीच्या आत अर्थचा कोर बाकी कोरपेक्षा लांब ठेवला आहे, म्हणजे कधी हिसडा बसून तारा निघाल्याच तर अर्थ सगळ्यात शेवटी निघेल. हे प्रत्येक चिरेखाणीवर आजच्या आज करण्यासारखं आहे, केबल कुठलीही असो.

पाचव्या कोरबद्दल. पायलट कोर म्हणजे फुकटचं तांबं, असं मी हंगामाच्या सुरुवातीला म्हणत होतो आणि तो दोन्ही टोकांना टेप मारून ठेवला होता. भुयारात त्याचं काम असं: पायलट आणि अर्थ मिळून कमी व्होल्टची एक लूप असते. प्लग निसटला, केबल तुटली, किंवा नुसता अर्थ तुटला तरी लूप तुटते आणि पुरवठा आपोआप बंद होतो. दुरुस्तीच्या वेळी केबल उघडलीच होती, तर इलेक्ट्रिशियनने २४ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर आणि कॉन्टॅक्टर (विजेने चालणारा स्विच) लावून हेच जनरेटरच्या पॅनेलवर करून दिलं. त्याच लूपमध्ये मशीनवर एक लाल स्टॉप बटण. आता ऑपरेटरला काही वावगं दिसलं की तो जाग्यावरून अख्खी केबल मेलेली करतो. जनरेटरपर्यंत धावत जाणं, ओरडणं बंद. आणि सड्यावर अर्थिंगची अवस्था काय असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. कातळात रॉड जात नाही, गेला तरी उन्हाळ्यात कोरडा दगड करंट घेत नाही. मी खालच्या पऱ्यापाशी (ओढ्यापाशी) माती आहे तिथे खड्डा घेऊन पट्टी वर आणली आहे. अशा ठिकाणी मशीनचं लोखंडी अंग आणि माणसाचा ओला हात यांच्यामध्ये केबलमधला अर्थ कोर सोडला तर काही नाही. तो शाबूत आहे की नाही हे सतत तपासणारी तार केबलमध्येच येत असेल तर तिचे पैसे मी आनंदाने देईन. आज मला कोणी हीच केबल चार कोरमध्ये स्वस्तात दिली तरी नको.

त्रुटी आहेतच. जड आहे, दोन गडी लागतात आणि संध्याकाळी गुंडाळताना कुरकुर ऐकावी लागते. रंग काळा, आणि कापांच्या सावलीत काळी केबल दिसत नाही. ट्रॅक्टरचं चाक एकदा वरून गेलंय. पिवळं आवरण असतं तर हे झालं नसतं. मीटरचे छापील आकडे दोन महिन्यांत घासून गेले. आणि ड्रमवर अर्धी गुंडाळलेली ठेवून मशीन चालवू नका, आतले वेढे चांगलेच तापतात. उरलेली केबल मोकळी पसरून टाकायची.

पावसाला खाण बंद केली तेव्हा केबल गोड्या पाण्याने धुतली, वाळवली, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारला, रीडिंग नव्यासारखंच आलं. दोन्ही टोकांना हीट श्रिंकच्या (गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या) टोप्या बसवून माळ्यावर टांगली आहे, जमिनीवर ठेवली तर उंदीर सोडत नाहीत. जिथे तुटली होती तिथे जोड दिलेला नाही, सरळ कापून नवीन टोक केलं. मधे कधी फाटली तर मात्र टेप मारणार नाही. कोळसा खाणीत अशी केबल वर वर्कशॉपला नेऊन व्हल्कनाइज करतात, तसंच करून घेईन.

दुसऱ्या मशीनलाही पुढच्या हंगामात हीच घालणार आहे, फक्त या कंपनीची नाही. व्यापाऱ्याला तीन गोष्टी बिलावर लिहून मागितल्या आहेत: आयएस १४४९४, टिन्ड तांबं, पायलट कोर. तो म्हणतो बिलावर "टिन्ड" लिहायची पद्धत नाही. मग ड्रमवरचं टोक माझ्यासमोर सोल, पांढरं दिसलं तर पैसे देतो, असं सांगून आलोय.