व्याख्यान, परिसंवाद, बैठक की फेरी? सोलापुरात चर्चेचा कार्यक्रम ठरवताना

विजापूर रोडवरच्या एका सोसायटीचे अध्यक्ष आणि सचिव मागच्या महिन्यात घरी आले होते. गणेशोत्सवात दरवर्षी त्यांच्याकडे ऑर्केस्ट्रा असतो. यंदा वर्गणीतला तो वाटा दुसऱ्या कामाला लावायचा, असं सभासदांनी ठरवलंय. नीतिमत्ता, नेतृत्व आणि पर्यावरण या विषयांवर लोकांनी एकत्र बसून बोलावं, अशी त्यांची इच्छा. पुण्याहून नावाजलेला वक्ता आणायचा, की गावातलेच चार जाणकार मंचावर बसवायचे, की दर महिन्याला छोटी बैठक घ्यायची, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

या तिन्ही प्रकारांत मी गेली काही वर्षं सतरंज्या टाकण्यापासून आभार मानण्यापर्यंत सगळं केलंय. चौथाही एक प्रकार आहे, तो त्यांच्या यादीत नव्हता. त्या दिवशी चहा संपेपर्यंत जे बोलणं झालं, ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण हाच प्रश्न शाळांचे माजी विद्यार्थी, महिला मंडळं आणि तरुण उद्योजकांचे गट यांच्याकडूनही येत असतो. तुलना करताना मी गर्दी किती जमते ते बघत नाही. विषयाची झळ ज्याला बसते तो माणूस तिथे असतो का, आणि असला तर त्याला बोलायला मिळतं का, हे बघते.

व्याख्यान

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून मराठी माणसाला समोर बसून ऐकायची चांगली सवय आहे. सोलापूरही त्याला अपवाद नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात बोलणारा तयारीचा असला की लोक शेवटपर्यंत जागा सोडत नाहीत, हे मी कितीदा पाहिलंय.

जिथे माहितीच अपुरी आहे, तिथे व्याख्यानाला तोड नाही. शहराला पाणी देणाऱ्या उजनी धरणाचंच घ्या. उन्हाळ्यात ‘उजनी वजा’ अशी बातमी आली की घरोघरी घबराट होते. धरणात वजा पाणी कसं असेल, हा प्रश्न मला पदवीधर माणसांनीही विचारलाय. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी वापरात न धरलेलं पाणी. टक्केवारी मोजतात ती वरच्या ५३ टीएमसीच्या आसपासच्या उपयुक्त साठ्याची. म्हणून मृतसाठ्याला हात लागला की आकडा वजात जातो, पाणी मात्र धरणात असतं. ते कुणी, कशासाठी आणि किती उपसायचं, हा त्याच्या पुढचा प्रश्न. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, फळ्यावर आकृती काढून समजावणारा एखादा अभियंता तासाभरात हे सगळं मोकळं करतो. दहा बैठका घेऊनही ते साधत नाही, कारण बैठकीतल्या कुणालाच आकडे माहीत नसतात.

नीतिमत्तेवरच्या व्याख्यानाबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा आहे. प्रामाणिकपणा चांगला, लाच वाईट, निसर्ग जपावा या वाक्यांना टाळ्या पडतात. विरोधात कुणीच नसतं, त्यामुळे कुणाला काही ठरवावंही लागत नाही. शेवटी चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवतात आणि त्यातल्या तीन वाचून होतात, तोवर सभागृह रिकामं करायची वेळ आलेली असते. नेतृत्वावरच्या व्याख्यानाचं याहून बरं नाही. ऐकणारा भारावून घरी जातो आणि सोमवारी त्याच खुर्चीवर बसतो.

परिसंवाद

चार वक्ते, प्रत्येकी पंधरा मिनिटं, असं पत्रिकेवर छापलेलं असतं. सत्कार, दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांची ओळख यांत अर्धा तास जातो आणि चौथ्या वक्त्याच्या वाट्याला सात मिनिटं येतात. हा दोष सुधारता येतो. शाल-श्रीफळ शेवटी ठेवा, ओळख छापील द्या. त्याहून मोठा दोष असा की मंचावरचे चौघे बहुधा एकाच पंगतीतले असतात. शाश्वत विकासावरच्या परिसंवादात एक प्राध्यापक, एक डॉक्टर, एक उद्योजक आणि एक अधिकारी बसले तर चौघंही झाडं लावा म्हणणार.

हितसंबंध खरोखर एकमेकांना भिडतात, तिथे परिसंवाद घ्यावा. होटगी रस्त्यावरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी १५ जून २०२३ रोजी विमानसेवेसाठी पाडण्यात आली. त्याआधी कित्येक वर्षं शहर या प्रश्नावर दोन बाजूंना उभं होतं. ऊस घालणारा शेतकरी, कारखान्यातला कामगार, विमान हवं असलेला व्यापारी आणि नोकरीसाठी मुलाला पुण्याला पाठवलेले आईवडील, यांच्यातल्या कुणाचंच म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. असा विषय एका वक्त्याच्या हाती देणं अन्यायाचं होतं. त्याला चार खुर्च्याच हव्यात.

सूत्रसंचालकाने मात्र एक गोष्ट करावी. प्रत्येकाला आपली बाजू मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं दोन मिनिटांत सांगायला लावावं, आणि समोरचा ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ म्हणेपर्यंत पुढे जाऊ नये. आम्ही हे एकदाच केलं. त्या संध्याकाळी कुणाचा आवाज चढला नाही, आणि संपल्यावर लोक पार्किंगमध्ये पाऊण तास बोलत उभे होते.

बैठक

दहा ते चौदा माणसं, गोल बसलेली, एकच प्रश्न, दोन तास. वाचनालयाची खोली किंवा शाळेचा वर्ग पुरतो. माझा कल इकडे आहे, हे आधीच सांगून टाकते.

प्रश्न नीट निवडला तर बैठक कुठल्याही व्याख्यानापेक्षा खोल जाते, आणि आपल्या जिल्ह्यात प्रश्नांना तोटा नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे: पंधराव्या शतकातला दुष्काळ, बिदरच्या बादशहाचं सरकारी कोठार, आणि भुकेल्यांसाठी ते उघडणारा अधिकारी. पुढे विठ्ठल महाराचं रूप घेऊन रक्कम भरतो. आम्ही एका बैठकीत तो चमत्काराचा भाग बाजूला ठेवला आणि विचारलं, विठ्ठल आलाच नसता तर दामाजीपंतांचं बरोबर होतं का? धान्य त्यांचं नव्हतं. बँकेत काम करणारे एक गृहस्थ ठामपणे म्हणाले, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या ठेवीला हात लावणं चूकच. एका मुख्याध्यापिकेने शाळेतल्या उरलेल्या तांदळाचं काय करायचं, हा स्वतःचा पेच सांगितला. तिथून पुढे दामाजीपंत मागे राहिले आणि प्रत्येक जण स्वतःच्या टेबलावरच्या फायलीबद्दल बोलायला लागला.

दुसरी आठवण विडीची. तंबाखू जीव घेते, म्हणून विडी कारखाने बंद व्हावेत का, हा प्रश्न होता. आम्हा बहुतेकांचं उत्तर तयार होतं. त्या दिवशी पूर्व भागातल्या एक अक्का आल्या होत्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या. हजार विड्यांमागे मजुरी, त्यातही खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत, असा त्यांचा हिशोब. त्या तेलुगूत बोलल्या आणि मुलीने मराठी केलं: “बंद करा. पण सोमवारी सकाळी माझ्या हातात काय देणार, ते आज सांगा.” बराच वेळ कुणी बोललं नाही. मग चर्चा बंदीवरून पर्यायी कामाकडे गेली, आणि आमच्यातल्या एकालाही त्याबद्दल काही ठोस माहीत नाही हे सगळ्यांना दिसलं. पुढच्या तीन बैठका आम्ही त्यावरच घालवल्या.

म्हणून भाषेची सोय आधी बघा. सोलापूर मराठीइतकंच तेलुगू, कन्नड आणि दखनीत विचार करतं. दुसऱ्याच्या भाषेत बोलावं लागलं की माणूस दोन वाक्यांत आटोपतं घेतो. शेजारी बसून सांगणारा एक माणूस असला की पुरे, त्याला यंत्रं लागत नाहीत.

गोपनीयतेचा नियमही पहिल्याच दिवशी सांगावा. लंडनच्या चॅटॅम हाउस या संस्थेने १९२७ साली घालून दिलेला नियम जगभर वापरतात: इथे ऐकलेलं बाहेर सांगायला हरकत नाही, पण ते कोण बोललं, हे सांगायचं नाही. व्हॉट्सॲपच्या दिवसांत याची गरज वाढलीच आहे. आमच्या एका बैठकीतलं बोलणं नावानिशी एका ग्रुपवर गेलं, आणि तो सभासद पुन्हा कधी आला नाही. ते मला अजून लागतं.

बैठकीच्या उणिवाही आहेत. चार महिन्यांनी तीच दहा माणसं उरतात, एकमेकांची मतं पाठ होतात, आणि एखादा माणूस सगळा वेळ खातो. उपाय म्हणजे निमंत्रक दर वेळी बदलायचा, आणि प्रत्येक निमंत्रकाने एक नवा माणूस आणायचा, तोही आपल्या व्यवसायाबाहेरचा. पहिल्या पाच बैठका मीच चालवल्या होत्या. सहाव्या वेळी मी लग्नाला परगावी गेले आणि बैठक झालीच नाही. चूक माझी होती, मी कुणाला उभं राहूच दिलं नव्हतं. त्यानंतर एकवीस वर्षांच्या एका मुलाने बैठक घेतली, बोलक्या माणसाला नम्रपणे थांबवलं आणि गप्प बसलेल्याला बोलतं केलं. नेतृत्व शिकायचं असेल तर ही खुर्ची फिरती ठेवण्याहून चांगला वर्ग मला माहीत नाही.

फेरी

त्यांच्या यादीत नसलेला प्रकार हा. आधी जागेवर जायचं, तिथल्या माणसांशी बोलायचं, आणि मग तिथेच बसून चर्चा करायची.

सोलापुरात ही गोष्ट नवी नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तळं खोदण्याच्या कामात होते, तेव्हा संत अल्लमप्रभू तिथे आले आणि या खोदकामातून नेमकं काय साधणार, असं त्यांनी रोखठोक विचारलं, ही कथा शरण, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांच्या, परंपरेत सांगतात. खोदणारे मजूर भोवती होते, आणि वाद तळ्याच्या काठावरच झाला. पुढे सिद्धराम कल्याणच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, अनुभव मंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, गेले. श्रम, सेवा आणि आत्मज्ञान यांचं नातं काय, हा प्रश्न तिथे पुढे कितीतरी चर्चिला गेला. त्याची एक ठिणगी मात्र आपल्या तळ्याच्या चिखलात पडली होती.

पर्यावरणाच्या विषयाला फेरीशिवाय मी हात लावत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचं उदाहरण घ्या. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं, मूळ क्षेत्र सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर, त्यात कितीतरी गावं. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, लोक त्रासले, आणि पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला होता. सभागृहात बसून ‘माळढोक वाचवा’ म्हणणं सोपं. ज्याला मुलीच्या लग्नासाठी अर्धा एकर विकता आला नाही, त्या शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून तेच म्हणायचं, तर संवर्धनाची किंमत कुणी मोजायची हेही त्याच दमात बोलावं लागतं.

अक्कलकोट रोडच्या यंत्रमागाच्या शेडमध्येही असंच होतं. आत खडखडाटामुळे एक शब्द ऐकू येत नाही. पण पंधरा मिनिटं तिथे उभं राहिलेल्या माणसाला कामगाराच्या कानांबद्दल वेगळं भाषण द्यावं लागत नाही. चर्चा बाहेर चहाच्या टपरीवर करायची, आणि कांडी भरणाऱ्या बायकांची सुट्टी कधी होते, ते विचारून मगच वेळ ठरवायची.

अडचणी उघड आहेत. ज्येष्ठांना चालवत नाही, तीसपेक्षा जास्त माणसं सांभाळता येत नाहीत, मालकाची परवानगी लागते. एप्रिल-मेमध्ये सकाळी सात ते नऊ सोडून दुसरा वेळ नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. हुरड्याच्या दिवसांत शेतावर बोलावलं तर माणसं आपणहून येतात आणि मोकळं बोलतात.

गावात राहणाऱ्यांना एक सांगणं. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हायचीच असते. नवं व्यासपीठ काढण्याआधी तिथे जा, तिथे बोललेल्याचा ठराव होतो. हिवरे बाजारमध्ये पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिकं घ्यायची, हे गावाने मिळून ठरवलं, शेतीसाठी बोअर बंद ठेवले. त्यामागे अशाच सभा आहेत.

ऑनलाइन चर्चेबद्दल फार लिहीत नाही. पुण्यात नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांना जोडून ठेवायला ती बरी. विड्या वळणाऱ्या अक्का तिथे बोलल्या नसत्या.

सोसायटीच्या दोघांना मी सांगितलं, गणपतीत एकच व्याख्यान ठेवा, उजनी आणि शहराच्या पाण्यावर, स्थानिक अभियंत्याचं. पुण्याच्या वक्त्याचा प्रवासखर्च आणि मानधन वाचेल. पुढच्या रविवारी सकाळी आपल्याच सोसायटीच्या टाकीपासून बोअरपर्यंत फेरी काढा, वॉचमन आणि टँकरवाल्या मामांना बरोबर घ्या. आणि मग महिन्याला बैठक, पहिला प्रश्न असा: चार दिवसांआड येणारं पाणी वरच्या मजल्याला आणि खालच्या मजल्याला सारखं मिळावं का, आणि गाड्या धुण्याचं काय? परिसंवादाची तुम्हाला आत्ता गरज नाही.

परवा सचिवांचा फोन आला. टँकरवाल्या मामांना त्यांनी विचारलं होतं. रविवारी सकाळीच सगळ्यात जास्त खेपा असतात, तेव्हा जमणार नाही, मंगळवारी रात्री नऊनंतर येतो, असं ते म्हणाले. फेरी बॅटरीच्या उजेडात निघणार आहे, मंगळवारी रात्री साडेनऊला.