पोकरप्रेमीसाठी भेट: प्लॅस्टिकचे पत्ते की चिप्सचा संच?

पोकरची मनापासून आवड असलेल्या मित्राला बेताच्या खर्चात काय द्यावे, असे एका परिचिताने विचारले. संपूर्ण प्लॅस्टिकच्या पत्त्यांचे दोन कॅट आणि 300 चिप्सचा (डावावर पैशांऐवजी लावायच्या गोल सोंगट्यांचा) संच, यांपैकी काय निवडावे हे त्याला ठरवता येत नव्हते.

खर्चाच्या बाबतीत पत्ते सरस ठरतात, कारण ज्या रकमेत उत्तम पत्ते मिळतात, त्या रकमेत चिप्स हलक्या प्रतीच्याच येतात.

टिकाऊपणा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात खेळाडू आपल्या दोन पत्त्यांचे कोपरे अंगठ्याने किंचित उचलून पाहतो. कागदी पत्त्याला नेमकी तिथेच दुमड पडते, आणि दुमडलेला एक्का पाठीमागूनही ओळखू येऊ लागला की तो कॅट खेळण्याजोगा राहत नाही. प्लॅस्टिकचा पत्ता वाकून पुन्हा सरळ होतो आणि ओल्या फडक्याने पुसताही येतो. मात्र अडीच इंच रुंदीचा पोकर आकारच घ्यावा. ब्रिजचे पत्ते पाव इंचाने अरुंद असतात.

चिप्स सहसा तुटत नाहीत, पण 11.5 ग्रॅमच्या 300 चिप्स जवळपास साडेतीन किलो भरतात. जड म्हणजे दर्जेदार, असेही नव्हे. ते वजन बहुधा आत बसवलेल्या धातूच्या चकतीचे असते.

ज्याच्या घरी पाच-सहा जण नियमित जमतात आणि अजून काड्यापेटीच्या काड्यांवर खेळतात, त्याला चिप्स द्याव्यात. ज्याच्याकडे चिप्स आहेत किंवा जो इतरांकडे जाऊन खेळतो, त्याला पत्तेच द्यावेत.