द्राक्षाच्या मराठी वेबसाइटवर अ‍ॅडसेन्स: दोन हंगामांनंतरचा अनुभव

माझी वेबसाइट द्राक्षबागेवर आहे, सगळी मराठीत. वाचक बहुतेक निफाड-दिंडोरी पट्ट्यातले, थोडे सांगली-सोलापूरकडचे. तिच्यावर गुगल अ‍ॅडसेन्स, म्हणजे साइटवर जाहिराती दाखवून त्याचे पैसे देणारी गुगलची सेवा, लावून दोन हंगाम झाले. "घरबसल्या डॉलर" छापाचे व्हिडिओ बघून नाशिकमधली बरीच पोरं मला विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

खातं उघडायला पैसे लागत नाहीत आणि मराठी मजकूर चालतो. कमाई दहा डॉलरवर गेली की पत्त्यावर टपालाने पिन येतो, तो भरल्याशिवाय पुढचं काही सुटत नाही. मळ्यात राहणाऱ्यांनी गट नंबर लिहून मोकळं होऊ नये, पोस्टमनला सापडेल असा पत्ता द्यावा. शंभर डॉलर पुरे झाले की पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेदरम्यान पैसे निघतात. बँक पर्पज कोड, म्हणजे परदेशातून पैसे कशाचे आले ते सांगणारा कोड, विचारते आणि दर वेळी स्वतःचा आकार कापून घेते, त्यामुळे मी सेटिंगमध्ये पेमेंटची मर्यादा वाढवून ठेवली. आता दर महिन्याऐवजी अधूनमधून, पण जरा भरीव रक्कम येते.

आता मुख्य प्रश्न, किती मिळतात? जाहिरातदार मोजतो त्यातले साधारण ६८ टक्के आपल्याला, बाकीचे मधल्या यंत्रणेला. २०२४ च्या सुरुवातीपासून पैसे मुख्यतः क्लिकवर नाही, जाहिरात किती वेळा दिसली त्यावर मिळतात. माझ्याकडे हजार पानांमागची कमाई, म्हणजे आरपीएम, बहुतेक काळ एका डॉलरच्या आतच राहिली. अर्धा डॉलर धरा. शंभर डॉलरला दोन लाख पानं उघडली जायला हवीत. नोकरी सोडायचा विचार असेल तर हा गुणाकार आधी बायकोसमोर करून बघा.

त्यात वाचक बारमाही नसतो. ऑक्टोबर छाटणी झाली की माझ्याकडे गर्दी सुरू होते. पोंगा अवस्थेत, म्हणजे डोळे फुटून कोवळी फूट निघताना, रात्री पाऊस पडला की सकाळी सहालाच लोक साइटवरच्या डाऊनी या बुरशीरोगाच्या पानावर येतात. थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), भुरी रोग असं करत जानेवारीपर्यंत वर्दळ टिकते. एप्रिलच्या खरड छाटणीला थोडी उचल, मग सामसूम. जाहिरातदारांचा खिसाही दसरा-दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंत सैल असतो आणि जानेवारीत दर पडतात. द्राक्षाचं आणि दिवाळीचं जमतं, हे माझं नशीब. माझ्या एका मित्राची साइट किल्ल्यांवर आहे. त्याच्याकडे हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरी शोधणाऱ्यांची झुंबड ऐन पावसाळ्यात, आणि दर तेव्हा थंड. विषय निवडताना हे कुणी सांगत नाही.

जाहिरात कुठे ठेवायची यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. बागेत उभा असलेला माणूस, स्वस्तातला फोन, रेंज एक काडी. पान उघडतं, तो फवारणीच्या प्रमाणावर बोट नेतो, तेवढ्यात वरून उशिरा आलेली जाहिरात मजकूर खाली ढकलते आणि बोट तिच्यावर पडतं. माणूस वैतागतो आणि तो क्लिक अपघाती ठरून त्याचे पैसे कापले जाऊ शकतात. उपाय साधा, जाहिरातीच्या चौकटीची उंची आधीच राखून ठेवायची. ऑटो अ‍ॅड्स, म्हणजे जागा गुगलनेच ठरवायची सोय, बंद करून मी दोन-तीन जागा हाताने ठरवल्या. पानभर पसरणाऱ्या जाहिराती तर काढूनच टाकल्या. दिसणाऱ्या जाहिराती कमी झाल्या, पण वाचक पान अर्ध्यात सोडून जायचा थांबला. ज्योतिष आणि झटपट श्रीमंती हे प्रकार ब्लॉकिंग कंट्रोल्समधून बंद करता येतात, तेही केलं. माझा एक मावसभाऊ प्रेमापोटी रोज जाहिराती दाबत बसायचा. त्याला हात जोडून थांबवलं, कारण अशाने खातंच बंद होऊ शकतं.

मधे एका दुसऱ्या जाहिरात कंपनीने तिप्पट दराचं आमिष दाखवलं होतं. पानावर कुठेही बोट ठेवलं की भलतीच साइट उघडायची. आठवडाही न काढता कोड उपटला.

टिकाऊ म्हणावं असं उत्पन्न मला दुसरीकडून मिळालं. द्राक्षरोपांची नर्सरी, द्राक्ष भरायची खोकी विकणारे खोकेवाले, ठिबकचे डीलर यांना थेट जागा दिली, हंगामाचा एकरकमी दर ठरवून, पावती फाडून. त्यांना दोन लाख वाचक नकोत, पिंपळगाव-ओझर भागातले बागायतदार हवेत, आणि माझ्याकडे तेच येतात. चौकटीवर ठळक "जाहिरात" लिहायचं आणि लिंकच्या कोडमध्ये स्पॉन्सर्डची, म्हणजे ही लिंक पैसे घेऊन दिलीय अशी, खूण लावायची, नाहीतर गुगल शोधात मागे पडण्याचा धोका. औषध कंपन्यांची थेट जाहिरात मात्र फवारणीच्या पानांवर घेत नाही. दर चांगला देतात, पण शेतकऱ्याला एकदा वाटलं की हा माणूस कंपनीची भाषा बोलतोय, की तो परत येत नाही.

अ‍ॅडसेन्सला मी पाचपैकी साडेतीन देईन. होस्टिंग, डोमेन आणि फोटोंसाठी बागांत फिरायचं पेट्रोल त्यातून सुटतं, तेही कुणाकडे वसुलीला न जाता. थेट जाहिरातवाल्यांकडे मात्र जावं लागतं, आणि द्राक्षाचे भाव पडले की खोकेवाला फोन उचलत नाही, म्हणून त्यांच्याकडून निम्मे पैसे छाटणीच्या आधीच घेतो.