जुन्या मॅसीच्या मागच्या चाकांना वजने बसवून घेताना: इंदूरमधील एका वर्कशॉपचा अनुभव

गहू निघाल्यानंतर माळव्यातील काळी जमीन तापून दगडासारखी होते आणि त्या अवस्थेत दोन फाळांचा नांगर ओढताना आमच्या १९९० च्या दशकातील मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टरची मागची चाके जागीच फिरू लागत. इंजिन ३६ अश्वशक्तीचे, तीन सिलिंडरचे आणि अजूनही निरोगी आहे. कमी पडत होते ते मागच्या टायरवरचे वजन. देपालपूरकडील शेतासाठी म्हणून सांवेर रोडवरील एका वर्कशॉपमधून बिडाची चार वजने, प्रत्येक चाकाला दोन, बसवून घेतली. वर्कशॉपचे नाव येथे देत नाही, कारण कामाची बाजू उत्तम असली तरी सामानाबाबत माझी एक तक्रार आहे.

पाणी भरण्याचा स्वस्त पर्याय मिस्त्रींनी स्वतःहून सांगितला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानतो. १२.४-२८ मापाच्या टायरमध्ये व्हॉल्व्ह वर ठेवून पाऊण भाग पाणी भरले, तर एका चाकाला सुमारे दीडशे किलोची भर पडते, आणि आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्न नसल्यामुळे त्यात क्षार मिसळण्याचीही गरज नसते. परंतु पंक्चर झाले की तो सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो, शिवाय पेरणीपुरते वजन कमी करायचे असेल तर पाणी सहज काढता येत नाही. ट्रॅक्टर जुना आणि कामे तऱ्हेतऱ्हेची असल्याने मला काढता-घालता येणारी वजनेच सोयीची वाटली.

वजने वापरलेली होती आणि प्रत्येकी सुमारे ४५ किलोची होती. वापरलेल्या बिडावर ताजा रंग दिसला की सावध व्हावे, कारण रंगाखाली भोकाजवळची बारीक चीर झाकलेली असू शकते. येथे मात्र मिस्त्रींनी प्रत्येक वजन लाकडी ठोकळ्यावर टेकवून हातोडीने वाजवून दाखवले. तीन वजनांचा आवाज खणखणीत आला, चौथ्याचा बोदा आला आणि ते त्यांनी न बोलता बाजूला ठेवून दुसरे काढले. किंमत किलोवर लावली जाते, म्हणून काट्यावर आपल्यासमोर वजन करून घ्यावे; तसे करण्यास त्यांनी खळखळ केली नाही.

बसवण्याचे काम पाहण्यासारखे होते. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून, मागच्या ॲक्सलच्या हौसिंगखाली जॅक देऊन चाक जमिनीपासून जेमतेम सुटेल इतकेच उचलले गेले आणि खाली घोडी (आधाराचा स्टँड) लावल्याशिवाय कोणीही चाकाजवळ बसले नाही. चाकाच्या मधल्या तबकडीवरचा, म्हणजे डिस्कवरचा, गंज व वाळलेला चिखल तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासला गेला. हे काम कंटाळवाणे असले तरी वजन आणि डिस्क यांच्यामध्ये गंजाचा थर राहिला, तर तो पुढे दबतो आणि नट आपोआप ढिले होतात. वजन चेनकप्पीला लटकवून चाक हाताने फिरवत भोकाला भोक जुळवले, बोल्ट आतल्या बाजूने घातले आणि नट समोरासमोरचे असे आलटून पालटून आवळले. दुसरे वजन पहिल्यावर बसते, त्यामुळे त्याला वेगळे लांब बोल्ट लागतात. आमच्या ट्रॅक्टरच्या दोन चाकांमधली रुंदी वाढवण्यासाठी डिस्क कधीकाळी उलटी बसवलेली होती. ती बाब मिस्त्रींच्या लगेच लक्षात आली आणि हवा भरण्याचा व्हॉल्व्ह वजनामागे दडणार नाही, याची त्यांनी आधीच खात्री केली.

तक्रार आहे ती बोल्टांची. त्यांच्या डोक्यावर मजबुतीची प्रत सांगणारा कोणताही आकडा नव्हता आणि भरलेली ट्रॉली ओढायला लागल्यावर काही दिवसांतच दोन नट सैल झाले, एक बोल्ट तर उघडउघड ताणला गेला होता. फिरत्या चाकावरून ४५ किलोचे बीड सुटले तर काय होईल, याची कल्पना असणाऱ्या माणसाने असे सामान ठेवू नये. सियागंजातून ८.८ छापाचे बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर आणून सगळे बदलले, त्यानंतर कुरबुर नाही. पहिल्या काही तासांच्या कामानंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत, ही सूचनाही ग्राहकाला तोंडी नव्हे, बिलावर लिहून मिळायला हवी होती.

परिणामाबद्दल अंदाजाने बोलत नाही. टायरवर खडूची खूण करून चाकाचे दहा फेरे मोजले, तेव्हा मोकळा ट्रॅक्टर ३८ मीटर गेला. नांगर लावून आधी ३० मीटरच जात होता, वजनांनंतर ३२ गेला. म्हणजे चाकाची घसरण (जागीच फिरून वाया जाणारे अंतर) २१ टक्क्यांवरून १६ वर आली. शेतीकामात १० ते १५ टक्के घसरण चांगली मानतात, तेव्हा जुन्या टायरच्या झिजलेल्या गुट्ट्या (टायरवरचे उंचवटे) लक्षात घेता मी समाधानी आहे. ओल्या चिखलात मात्र या वजनांकडून अपेक्षा ठेवू नये. तेथे गुट्ट्यांमधल्या फटी चिखलाने भरून जातात आणि वजन उलट चाक रुतवते. चढावर जड ट्रॉली ओढताना पुढची चाके हलकी वाटू लागली, तर पुढच्या बंपरवरही वजन द्यावे, नाहीतर स्टिअरिंग हातात राहत नाही.

पावसाळ्यात सोयाबीनच्या पेरणीआधी जमीन दबू नये म्हणून बाहेरची दोन वजने उतरवून घेतो. त्यासाठी वर्कशॉप पुन्हा मजुरी आकारते, ही गोष्ट सौदा करताना सांगितली गेली नव्हती. आधी विचारल्यास काढण्या-घालण्याची मजुरी मूळ किमतीतच ठरवून घेता येते.