पेनसिल्व्हेनिया १७७६ की मॅसॅच्युसेट्स १७८०: आधी कोणतं संविधान वाचावं?

अमेरिकेचं संघीय संविधान १७८७ मध्ये लिहिलं गेलं, पण नागरिकांचे हक्क आणि सरकारची रचना यांचा खरा वाद त्याआधीच राज्याराज्यांत झडला होता. सगळ्यांवरून वरवर नजर फिरवण्यापेक्षा एखाद्याच राज्याचं संविधान मुळातून वाचायचं ठरवलं, तर निवड बहुधा या दोहोंत करावी लागते. प्रबंधाचा विषय ठरवताना माझ्यापुढेही हेच दोन पर्याय होते.

पहिल्या वाचनात पेनसिल्व्हेनियाच मनात भरतं. गव्हर्नर नाही, वरिष्ठ सभागृह नाही, विधानसभेची निवडणूक दरवर्षी. कर भरणाऱ्या प्रौढ स्वतंत्र पुरुषाला मताचा अधिकार. सार्वजनिक विधेयकं आधी छापून लोकांपुढे ठेवायची आणि अगदी तातडी नसेल तर पुढच्या अधिवेशनातच मंजूर करायची. १७७६ साली हे कागदावर आलं याचं मला आजही अप्रूप वाटतं. त्यापुढे मॅसॅच्युसेट्स फार सावध वाटतं: दोन सभागृहं, गव्हर्नरला नकाराधिकार आणि मतदाराकडे वर्षाला तीन पौंड उत्पन्न देणारी जमीन किंवा साठ पौंडांची मालमत्ता असण्याची अट.

हक्कांचे जाहीरनामे दोन्हीकडे आहेत आणि भाषाही बरीचशी मिळतीजुळती. माझं अडलं ते एकाच ठिकाणी. हक्क मोडला, तर माणसानं जायचं कुठे?

पेनसिल्व्हेनियानं यासाठी 'कौन्सिल ऑफ सेन्सॉर्स' नावाचं मंडळ ठरवलं होतं. दर सात वर्षांनी ते निवडायचं. संविधान पाळलं गेलं का, हे त्यानं तपासायचं, दोषींवर ठपका ठेवायचा, चुकीचे कायदे रद्द करण्याची शिफारस करायची. घटनादुरुस्तीसाठी अधिवेशन बोलवायचं तर दोनतृतीयांश बहुमत हवं. आता प्रत्यक्षात काय झालं ते पाहा. १७७७ मध्ये विधानसभेनं कायदा केला की जो राज्याशी निष्ठेची शपथ घेणार नाही, त्याला मत नाही, ज्यूरीत जागा नाही, आपलं येणं वसूल करायला कोर्टात दावाही लावता येणार नाही. याची झळ क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाला लागली, कारण शपथेऐवजी नुसती प्रतिज्ञा चालणार असली, तरी युद्धात एका बाजूशी निष्ठा जाहीर करणंच त्यांच्या धर्मश्रद्धेत बसत नव्हतं. मंडळ पहिल्यांदा बसलं १७८३ मध्ये. त्यात दोन तट पडले, दोनतृतीयांश काही जमले नाहीत. शपथेचा कायदा उठायला १७८९ उजाडलं आणि पुढच्याच वर्षी राज्यानं संविधानच बदललं. जाहीरनाम्यातली कलमं वाचताना ही सात वर्षांची वाट मला सतत खुपत राहिली. मूलभूत हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ देणारा भारतीय संविधानाचा अनुच्छेद ३२ शिकलेल्या आपल्या वाचकाला ती जरा जास्तच खुपेल, असं मला वाटतं.

मॅसॅच्युसेट्सचं संविधान १७८० मध्ये लागू झालं. १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात बेट नावाच्या गुलाम स्त्रीनं त्यातल्या पहिल्याच कलमाच्या आधारे स्वातंत्र्य मागितलं आणि ज्यूरीनं ते दिलं. पुढे ती एलिझाबेथ फ्रीमन या नावानं जगली. क्वॉक वॉकर या गुलाम पुरुषाच्या प्रकरणात १७८३ मध्ये मुख्य न्यायाधीश विल्यम कुशिंग यांनी ज्यूरीला सांगितलं की गुलामगिरी या संविधानाशी विसंगत आहे. सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आहेत, असं पेनसिल्व्हेनियाचा जाहीरनामाही म्हणतो. तिथे मात्र सुटका विधानसभेच्या १७८० च्या कायद्यानं, टप्प्याटप्प्यानं आली. आधीच गुलाम असलेल्यांना त्या कायद्यानं मुक्त केलं नाही आणि त्यानंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्यांना अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत राबावं लागणार होतं.

याचा अर्थ मॅसॅच्युसेट्स निर्दोष आहे असा नाही. प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांचा खर्च लोकांवर टाकणारं तिसरं कलम १८३३ पर्यंत टिकलं. १७८६ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड करून कोर्टं बंद पाडली, तेव्हा मालमत्तावाल्यांच्या या व्यवस्थेवरचा रोषच बाहेर पडला. तुमचा विषय मताधिकार किंवा विधानसभेवरचा लोकांचा अंकुश असेल, तर पेनसिल्व्हेनियाच घ्या. त्याची नक्कल करणारं व्हरमाँटचं १७७७ चं संविधानही सोबत वाचता येईल.

पण हक्क आणि सरकारची रचना एकमेकांत कशी गुंततात हे पाहायचं असेल, तर मी मॅसॅच्युसेट्सपासून सुरुवात करीन. पहिलं कलम, मग बेट आणि वॉकर यांचे खटले, त्यानंतर सत्ताविभाजनाचं तिसावं कलम, या क्रमानं.